पिसारा फिरला की ओढायचं

आईला फोनवर सांगितलं की टर्की मिळाली एकदाची, तर ती म्हणाली, "एवढ्या एका पाखरासाठी दोन वर्षं? आपल्याकडं कोंबडा धरायला पोरांना दोन मिनिटं लागत नाहीत." आता तिला काय सांगणार, की हे पाखरू साडेनऊ किलोचं आहे, झाडावर झोपतं, माणसापेक्षा जोरात पळतं, वर उडतंही, आणि मान न हलवता जवळजवळ सगळीकडचं बघतं. आणि मी ते बंदुकीने नाही तर धनुष्यबाणाने, जमिनीवर बसून, दहा पावलांवरून मारायचं ठरवलेलं. कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला, हे बायकोचं वाक्य, दोन वर्षांत किमान पन्नासदा ऐकलंय.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो, मॅडिसनजवळ. मूळ गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात. शिकारीशी आमच्या घराचा संबंध शून्य. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे थेट जेल, त्यामुळे शिकार हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर पोलीस आणि फॉरेस्टवालेच येतात. इथे मात्र शेजारचे रिटायर्ड काका (काका मी म्हणतो, ते बिचारे गोरे, वय 71) दर एप्रिलमध्ये पहाटे तीनला गाडी काढून जायचे आणि मला वाटायचं हा माणूस झोपतो कधी. एकदा बर्फ काढताना गप्पा झाल्या आणि त्यांनी विचारलं येतोस का. मी म्हणलं बंदूक मला जमणार नाही, मी अजून व्हिसावर आहे, व्हिसावाल्यांसाठी बंदुकीचे नियम वेगळे, त्याला अपवादही आहेत पण त्या भानगडीत मला डोकंच घालायचं नव्हतं. काका म्हणाले मग बो घे, बो म्हणजे फायरआर्म नाही. झालं, इथून सगळं सुरू झालं.

आधी कोर्स. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लायसनसाठी हंटर एज्युकेशन करावं लागतं (नाहीतर मग अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर बसवून जायचं, ती मेंटर्ड हंटची सोय वेगळी). मी ऑनलाइन धडे केले आणि एक दिवस फील्डला जाऊन आलो, वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि मी एकटा टक्कल पडलेला. टर्कीच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली, की लाल, पांढरं, निळं अंगावर काहीही नको, रुमालसुद्धा नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि झाडीत तुमचा पांढरा मोजा दिसला तर दुसरा शिकारी त्याला टर्की समजू शकतो. आणि टर्की ओरडल्याचा आवाज आला तर त्या दिशेने लपतछपत जायचं नाही, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा पण असतो. बसायचं आणि पाखराला आपल्याकडे आणायचं. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याला सवय असते काहीतरी करत राहायची.

मग परमिट. डिसेंबरच्या 10 तारखेपर्यंत अर्ज करायचा, राज्याचे झोन पाडलेत, सीझन एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि एकेक आठवड्याचे सहा पिरियड असतात, तुम्हाला जो लागेल तो तुमचा आठवडा. स्प्रिंगला फक्त नर किंवा छातीवर दाढी असलेला पक्षी मारता येतो. हो, दाढी. छातीतून घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा झुबका लोंबतो त्याला बिअर्ड म्हणतात, आणि क्वचित एखाद्या मादीलापण असते. मोठा नर तो टॉम, वर्षाचा पोरगेला नर तो जेक, मादी हेन. जेक ओळखायचा म्हणजे पिसारा बघायचा, मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब असतात, नुकतीच मिशी फुटलेल्या पोरासारखं अर्धवट काम.

काका गाडीत एकदा म्हणाले की त्यांच्या लहानपणी या डोंगरांत एकही टर्की नव्हती. खरंच नव्हती. जंगलं तोडून आणि शिकार करून विस्कॉन्सिनमधल्या रानटी टर्की 1881 पर्यंत संपल्या होत्या. मग 1976 मध्ये मिसूरी राज्यातून पकडून आणलेले पक्षी व्हर्नन काउंटीत सोडले, आणि बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राउस नावाचे पक्षी दिले, चक्क पाखरांची अदलाबदल. 1983 ला पहिला सीझन झाला आणि आता रस्त्याच्या कडेला सुद्धा दिसतात. त्या वेळी काका तिशीच्या आसपासचे. म्हणजे ज्या गोष्टीचा यांना इतका नाद आहे ती त्यांनापण पोटापाण्याला लागल्यावरच भेटलीय, त्यामुळे चाळिशी उलटल्यावर शिकणाऱ्या माझ्याकडे ते जरा मायेने बघत असावेत.

बो घेतला कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेला. आपल्या डोक्यात धनुष्य म्हणजे रामायण सिरियल, पण हे प्रकरण सायकल आणि धनुष्याचं लग्न लावल्यासारखं दिसतं. ताण 50 पौंडांचा, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं फिरून वजन एकदम सुटतं आणि हातावर साधारण दहा पौंडच राहतात, म्हणून ओढून थोडा वेळ धरून बसता येतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ याच्यावरच आहे.

उभं राहून वीस यार्डावर मारायला मी दोन महिन्यात बऱ्यापैकी शिकलो आणि मला वाटलं झालं. काका घरी आले, गॅरेजमध्ये एक बुटकं स्टूल ठेवलं आणि म्हणाले आता यावर बसून मार. बसलो आणि बोचं खालचं टोक गुडघ्यावर आपटलं. पाय फाकवून बसावं तर पाठ वाकते, पाठ वाकली की ओढताना खांदा येत नाही, आणि ओढायला जोर कमी पडला की माणूस नकळत बो वर आभाळाकडे उचलतो आणि खाली आणत ओढतो. काका म्हणाले ही एवढी हालचाल केलीस तर टर्की पुढच्या काउंटीत असेल. हात समोर सरळ धरून, कोपर न उचलता, हळू मागे. जमेना म्हणून शेवटी ताण 45 पौंडांवर आणला, त्यात इगो थोडा दुखावला पण काय करता.

आवाज काढायचं वेगळंच. बॉक्स कॉल म्हणजे लाकडी डबी आणि वर हलणारं झाकण, ते घासलं की जुन्या वाड्याच्या दारासारखं करकरतं आणि मादीच्या आवाजासारखं वाटतं, निदान टर्कीला तरी. दुसरा प्रकार स्लेट कॉल, म्हणजे अक्षरशः पाटी. गोल वाटीत पाटीचा दगड बसवलेला आणि त्यावर काडी गोल गोल फिरवायची. मी आयुष्याची चार वर्षं पाटीवर पेन्सिल करकरवत काढली आणि मला तो आवाज जमेना, आणि माझ्या दहा वर्षांच्या पोरीने, जिने जन्मात पाटी बघितली नाही, पहिल्या झटक्यात असला सुंदर यॉक-यॉक-यॉक काढला की काका हसत सुटले. मग घरात दोन आठवडे हेच. बायको कॉलवर असताना मागून यॉक-यॉक. तिच्या मॅनेजरने विचारलं तुमच्याकडे कुत्रं आहे का.

आता जमिनीवरून बोने का अवघड ते सांगतो, कारण इथेच बऱ्याच जणांना वाटतं त्यात काय. बंदूकवाला झाडाला टेकून बसतो, बंदूक आधीच गुडघ्यावर रोखलेली, फक्त बोट हलवायचं, आणि पाखरू चाळीस यार्डावर असलं तरी चालतं. बोवाल्याला पाखरू दहा-पंधरा यार्डात पाहिजे, आणि ते तिथे आल्यावर अख्खा हात मागे ओढायचाय. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, त्यामुळे हरणासारखी वाऱ्याची काळजी नाही, पण डोळे असले की बास. म्हणून ब्लाइंड वापरतात, छोटा तंबूसारखा, आतून काळा. आपल्याकडचे पक्षी बघणारे लोक याला लपण म्हणतात, छान शब्द आहे. गंमत म्हणजे शेताच्या मध्यभागी रात्रीतून असा तंबू उगवला तरी टर्कीला काही वाटत नाही, ती त्याच्या शेजारून चरत जाते. पण आतली हालचाल दिसली की संपलं. म्हणून मागच्या खिडक्या सगळ्या बंद, आपण आत काळं घालून, तोंडावरसुद्धा काळं फडकं, आणि समोर एकच फट.

पहिली सकाळ 11 मे 2024, शनिवार. जागा रिचलंड काउंटीत, काकांच्या चुलतभावाच्या डेअरी फार्मवर, डोंगराची धार आणि खाली गवताचं शेत. त्याची परवानगी मी दिवाळीच्या चिवड्यावर कमावली होती, अजून दर वर्षी डबा मागतो. आदल्या रात्री आख्ख्या अमेरिकेत ऑरोरा (एरवी ध्रुवाकडे दिसणारा तो रंगीत प्रकाश) दिसलेला तोच दिवस, आम्ही निघालो तेव्हा पण उत्तरेकडे आकाश गुलाबीसर होतं, मी गाडी थांबवून फोटो काढत होतो आणि काका घड्याळ बघत होते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीची वेळ, आणि त्याच्या आधी आत जाऊन गप्प बसायचं.

अंधारात बार्ड आउल नावाचं घुबड बोललं आणि धारेवरच्या झाडातून त्याला उत्तर आलं, गॉबल गॉबल. मोठा आवाज झाला की नराला राहवत नाही, तो झाडावरूनच ओरडतो, मोठ्याने दार आपटलं तरी ओरडेल. अंगावर काटा आला हे लिहायला नको पण आला. उजाडल्यावर ते पंखांचा फडफडाट करत खाली उतरले, काकांनी हळूच पाटी घासली, आणि अर्ध्या तासाने एक टॉम आम्ही भुलवायला ठेवलेल्या प्लास्टिकच्या मादीकडे यायला लागला. पिसारा फुलवलेला, पंखांची टोकं जमिनीला घासत, ढोलकीच्या बायावर तळवा घासल्यासारखा दबका घुमार, जो कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. बारा यार्ड. काका कुजबुजले थांब. तो वळला, पिसारा आमच्याकडे, काका म्हणाले आता, मी ओढायला लागलो आणि डावीकडून "पट्" असा एकच आवाज. तिकडे एक हेन उभी होती, खरी, दोघांनापण दिसली नव्हती. ती आमच्या फटीत सरळ बघत होती. टॉमने मागे वळून बघितलंसुद्धा नाही, पिसारा मिटला आणि निघाला. पळाला नाही, फक्त चालला, पण असा की परत येणार नाही हे कळतं.

परतताना काका म्हणाले, नर पिसाऱ्याआड आंधळा झाला म्हणून ओढायचं नसतं, सगळे आंधळे झाल्यावर ओढायचं. हे मी आमच्या ऑफिसच्या मीटिंगांनापण लावून बघितलंय, चालतं.

दुसऱ्या दिवशी 12 मे, रविवार. मदर्स डे. हो, मला माहिती आहे. बायकोला सांगितलं नऊला घरी येतो आणि ब्रंचला जाऊ, तिने फक्त बघितलं माझ्याकडे. त्या दिवशी काका दुसऱ्या टोकाला बसले आणि मी एकटा. सव्वासातला तीन जेक आले, गावातल्या टवाळ पोरांसारखे, एकमेकांना ढकलत, आणि नकली मादीला चोची मारायला लागले. तिघांच्या माना खाली, एकाचंही लक्ष नाही, मी पूर्ण ओढला, सगळं पुस्तकात असतं तसं. पिन, म्हणजे बोवरची नेम धरायची खूण, बरोबर पंखाच्या वर, श्वास सोडला, बाण सोडला. धप्प. तंबू हलला. बाण माझ्यासमोर दोन फुटांवर, ब्लाइंडच्या खिडकीच्या खालच्या काठात कापड फाडून आडवा पडलेला.

झालं काय, तर बोवर पिन असते वर आणि बाण असतो तिच्या खाली तीनेक इंचांवर. डोळ्याला पिनमधून सगळं मोकळं दिसत होतं, पण बाणाच्या वाटेत खिडकीचा काठ होता. उभं राहून मोकळ्यात हजार बाण मारले तरी हे कळत नाही, कारण तिथे खिडकी नसते. यूट्यूबवर मी शंभर व्हिडिओ बघितले असतील, कुणीतरी सांगितलंही असेल, पण स्वतःच्या तंबूला भोक पडल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. जेक घाबरून पंधरा पावलं गेले, परत आले, आणि मी दुसरा बाण लावताना हात इतका थरथरत होता की बाणाची मागची खाच दोरीत बसेना, टकटक आवाज झाला आणि मग मात्र गेले. घरी पोचलो साडेदहाला. ब्रंचबद्दल काही लिहीत नाही.

मग वर्षभर गॅरेजमध्ये ब्लाइंड उभा. बायकोने फाटलेल्या काठाला काळं ठिगळ लावून दिलं (तिच्या जुन्या पेटीकोटचं आहे, तिने सांगितलं कुणाला सांगू नको). स्टूल दोन इंच उंच केलं. आणि जवळचे बाण मारायला लागलो, पाच यार्ड, सात यार्ड, दहा, कारण तेच पिन आणि बाणातलं अंतर अगदी जवळ असल्यावर बाण खाली लावतं, वीस यार्डाची पिन पाच यार्डावर वापरली तर बाण दोनेक इंच खाली जातो, आणि टर्कीचं काळीज-फुप्फुस मिळून मोठ्या संत्र्याएवढं, बाकी सगळी पिसंच पिसं. फुललेला टॉम ढोलाएवढा दिसतो पण आत माल थोडा. कुठे मारायचं हे त्याच्या उभं राहण्यावर ठरतं. आडवा असेल तर पायाच्या रेषेत वर, समोरून असेल तर दाढी जिथे उगवते त्याच्या जरा वर, आणि पाठमोरा फुललेला असेल तर पिसाऱ्याच्या बरोबर मुळाशी. काकांनी जुन्या पिसाऱ्याचा एक नमुना फोमच्या टार्गेटला खिळवला आणि मी त्या मुळाशी अख्खी थंडी बाण मारले.

नकली पाखरंपण बदलली. एकट्या मादीच्या जागी मादी आणि तिच्या मागे एक जेक, आणि जेकचं तोंड आपल्याकडे. हा सगळ्यात भारी डाव वाटला मला. टॉमला दुसरा नर सहन होत नाही, आणि भांडायला तो समोरासमोर येतो, म्हणजे जेकच्या तोंडापुढे येऊन उभा राहणार, म्हणजे आपोआप त्याची पाठ तुमच्याकडे. पिसारा फुलवून पाठमोरा, म्हणजे स्वतःच्याच पिसाऱ्याने स्वतःचे डोळे झाकून. दोन सेकंद मिळतात, कधी पाच. तेवढ्यात ओढायचं.

2025 ला पिरियड सी मिळाला. 2 मे ला सुट्टी टाकली आणि ढगाळ, गारठा, एकही आवाज नाही, सात तास बसून कमरेची वाट लागली. गोचीड मात्र दोन मिळाले, एक पायावर आणि एक अशा ठिकाणी की सांगत नाही. इथल्या डीअर टिकने लाइम नावाचा आजार होतो म्हणून घरी आल्यावर नखशिखांत तपासावं लागतं, त्यात रोमँटिक काही नसतं.

3 मे, शनिवार. पाच वाजता अंधारात बसलो. सव्वापाचला धारेवर दोन नर बोलायला लागले, एकाने म्हणलं की दुसरा लगेच, जुगलबंदी. उतरले आणि माद्यांच्या मागे पलीकडच्या उतारावर निघून गेले. मी पाटी घासतोय, त्यांना खऱ्या बायका सोडून दगडाचा आवाज कशाला पाहिजे. साडेसात, आठ, सगळं शांत, फक्त खाली ओढ्याकडे सँडहिल क्रेन नावाचे पक्षी करवादत होते. पहिल्या वर्षी मी या वेळेला उठून गेलो असतो. पण काकांनी सांगून ठेवलेलं, मे महिन्यात माद्या सकाळी उशिरा अंडी घालायला नाहीतर उबवायला घरट्याकडे जातात आणि मग नर एकटे पडतात, नऊ ते अकरा सोडू नको. मी थालीपीठ खाल्लं, हळू, फॉइलचा आवाज न करता, जे अशक्य आहे.

पावणेदहाला मी पाटीवर तीनदा यॉक केलं, पोरीसारखं नाही पण जवळपास, आणि उत्तर इतक्या जवळून आलं की हातातली काडी पडली. मग काहीच नाही. मग तो घुमार, छातीत. कुठून ते कळेना. आणि उजव्या कोपऱ्यातून लाल-पांढरं-निळं डोकं आलं, मागे दुसरं. दोघे.

एक फुललेला, दुसरा बारीक, मान काठीसारखी ताठ, पहारेकऱ्यासारखा. फुललेला सरळ नकली जेककडे. चोचीवरून लोंबणारा मांसाचा तुरा लांब होऊन एका बाजूला पडलेला, डोकं पांढरंफटक, गळा लालबुंद, डोळ्याभोवती निळं, आणि हे रंग बदलत होते, बघता बघता. इथे एक मधलं सांगतो, हे पाखरू आपल्या ओळखीचं जुनं आहे. 1612 मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून पोर्तुगीजांकडची चीजवस्तू घेऊन गेला त्यात एक टर्की होती, बादशहा इतका खुळावला की उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि आपल्या आठवणींत त्याने लिहिलंय की हिचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं. पोर्तुगीजात हिला पेरू म्हणतात. आपल्याकडे पेरू म्हणजे फळ. म्हणजे समोर सात यार्डावर एक पेरू नाचत होता आणि बादशहाला जे दिसलं ते मी पेटीकोटच्या ठिगळामागून बघत होतो.

फुललेला फिरला, पाठ माझ्याकडे. पिसारा अख्खा उघडा. हात शिवशिवले. पण पहारेकरी माझ्या बाजूलाच बघत होता. नाही ओढलं. तो परत समोर वळला, एक पाऊल, जेकच्या छातीवर पंख मारला, प्लास्टिकचा जेक गोल फिरला, त्यामुळे हा परत वळून त्याच्या तोंडासमोर जायला निघाला, आणि जाताना तो आणि त्याचा पिसारा बरोबर पहारेकऱ्याच्या आणि माझ्या मध्ये आला. सगळे आंधळे. ओढला. कोपर खाली, हळू, चाकं फिरली, वजन सुटलं. आता दहा पौंड, आता मला घाई नाही. खिडकीचा काठ डोळ्याने नाही, बाणाच्या टोकाकडे खाली बघून तपासला. मोकळा. पिन पिसाऱ्याच्या मुळाशी आणली, तो थोडा हलला, परत आणली, आणि सोडला.

बाण लागल्याचा आवाज उशी झटकल्यासारखा येतो. तो उडी मारून पंधरावीस पावलं फडफडत गेला आणि गवतात पडला. आणि मग जे झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, दुसरा टॉम, पहारेकरी, इतका वेळ त्याचा जोडीदार, धावत गेला आणि पडलेल्यावर चढून लाथा मारायला लागला. हा खाली, याचा नंबर आला. मिनिटभर तो त्याला तुडवत होता आणि मी आत बसून, काय बोलणार, बघत होतो. काका नंतर म्हणाले नेहमीचंच आहे. मला ते त्या दिवसातलं सगळ्यात वाईट दृश्य वाटलं, माझ्या बाणापेक्षा वाईट, असं वाटण्यात माझा सोयीस्करपणा असेल.

तो गेल्यावरही दहा मिनिटं बसलो. बाहेर पडलो तेव्हा पाय गेलेले. जवळ गेल्यावर त्याची पिसं काळी नव्हती, उन्हात तांबूस, हिरवी, जांभळी, तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखी. डोक्याचा लाल उतरून फिक्कट निळं राहिलेलं. हात ठेवला तर गरम. मी आजोबा कोंबडा कापताना पुटपुटायचे ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही, नुसतंच नमस्कार केल्यासारखं केलं. दाढी साडेनऊ इंच, पायाचे काटे इंचभर, म्हणजे दोन वर्षांचा असावा, किंवा जास्त. वजनकाट्यावर एकवीस पौंड. फोनवरून नोंदणी केली, दुसऱ्या दिवशी पाचच्या आत करावी लागते पण मी तिथेच उभ्याने केली, कोर्सवाल्या पोरांसारखा. पाखरू केशरी कापडात गुंडाळून खांद्यावर घेतलं, कारण खांद्यावर लाल-निळं डोकं लटकवत झाडीतून चालणं म्हणजे काय ते कोर्समध्ये शिकवलंच होतं.

साफ करायला काकांच्या गॅरेजमध्ये. दाण्याच्या पिशवीत मागच्या वर्षीचा मका, डँडेलियनची फुलं, कोवळी पानं आणि चारपाच ढालकिडे. पोरीने ते सगळं ताटलीत मांडून फोटो काढले. तंगडीत सुईसारखे टणक कंडरे असतात, ते पकडीने ओढून काढावे लागतात, नाहीतर दात जाईल. छातीचे तुकडे काकांनी पिठात घोळवून तळले, बरे लागले, मिठाशिवाय त्यात काही नव्हतं. तंगड्या आणि कलेजी-पेटा माझ्याकडे. सुकं खोबरं भाजून, गावाकडून आलेली कांदा-लसूण चटणी, कुकरच्या आठ शिट्ट्या, तरी थोडं चिवटच, मग अजून चार. रस्सा मात्र असा झाला की काकांनी ज्वारीची भाकरी चमच्याने खायचा प्रयत्न सोडून हाताने कुस्करली. चुलतभावाला डबा पाठवला, त्याचा मेसेज आला की घाम आला पण डबा रिकामा आहे.

बाबांना व्हिडिओवर पिसारा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, तो दुसरा जो लाथा मारत होता त्याचं काय झालं. आहे म्हणलं, तिथेच आहे, चुलतभावाला रोज सकाळी ऐकू येतो. ते म्हणाले मग तो शहाणा. फोन ठेवल्यावर बघतो तर पोरगी पिसारा पाठीला धरून हॉलमध्ये पाय घासत चालतेय आणि एका हाताने पाटी वाजवतेय.

मेंटर्ड हंटला इथे वयाची अट नाही, आणि तिच्यासाठी वीस पौंडांचा बो काकांनी आधीच शोधून ठेवलाय, एवढ्यावर शिकार होत नाही पण शिकायला बास. 10 डिसेंबरच्या आत अर्ज भरायचेत, दोन. बायकोला अजून एकच सांगितलाय.